केसाच्या मुळाशी खाजणाऱ्या लाल पुळ्या: तालमीतल्या पोरांसाठी विचारतेय (सांगली)

कृष्णाकाठची

माझा धाकटा भाऊ सांगलीजवळच्या एका तालमीत असतो. सकाळ-संध्याकाळ मेहनत, लाल मातीत लढती, अंगाला तेल. पावसाळा लागल्यापासून त्याच्या पाठीवर, खांद्यांवर आणि छातीच्या वरच्या भागावर बारीक लालसर पुळ्या आल्यात. सगळ्या एकाच मापाच्या, मोहरीएवढ्या. जवळून बघितलं तर बऱ्याच पुळ्यांच्या मधोमध केस दिसतो, आणि काहींच्या टोकाला पांढरा ठिपका. दुखत नाहीत. पण घाम आला की खाज अशी सुटते की पोरगं भिंतीला पाठ घासत उभं राहतं. चेहऱ्यावर एकही नाही.

घामोळं समजून पावडर लावून झाली. मग त्याने मेडिकलमधून एक मलम आणलं. लाली लगेच उतरली, मलम थांबवलं की पुन्हा वर आली आणि आधीपेक्षा जास्त पसरली. त्यानंतर एका डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला. तो पूर्ण केला, तर पुळ्या कमी व्हायच्या सोडून पोटापर्यंत उतरल्या.

आता खरी अडचण. तालमीतल्या आणखी काही पोरांनाही अंगावर काही ना काही आहे, पण प्रत्येकाचं वेगळं दिसतंय. एकाच्या मांडीवर पू भरलेले दुखरे फोड आहेत. एकाच्या मानेवर कडा उठलेला गोल चट्टा आहे, तो म्हणतो काही होत नाही. वस्तादांनी माझ्या भावाला हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या मातीत, उतरायला बंदी केलीय, कारण त्याचंच सगळ्यात भयंकर दिसतं. बाकीची पोरं खेळतायत. पुढे जत्रांची मैदानं आहेत, पोरगं रडकुंडीला आलंय. कुणाला अनुभव असेल, माहिती असेल तर सविस्तर लिहा. फोटो सोबत लावलाय.

हळदबाजार

ताई, आपल्या सांगलीत राहून हळद सोडून बाकी सगळं करून झालं म्हणता? राजापुरी हळद आणि खोबरेल तेल कालवून रात्री पाठीला लावा, सकाळी कडुलिंबाचा पाला उकळलेल्या पाण्याने आंघोळ. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आलंय.

मिरज_जंक्शन

खरूज नाही ना? आमच्या वसतिगृहात एकदा सगळ्यांना झाली होती. बोटांच्या बेचक्यात, मनगटाला, बेंबीभोवती आहे का? रात्री अंथरुणात शिरल्यावर खाज वाढते का? घरात आणखी कुणाला आहे?

कृष्णाकाठची

@मिरज_जंक्शन नाही. बेचकी साफ आहेत, घरात कुणालाच काही नाही. रात्री शांत झोपतो. खाज घामाबरोबर येते आणि आंघोळीनंतर तासभर बरी असते.

त्वचा_ओपीडी

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, मिरजेत प्रॅक्टिस करतो. फोटोवरून निदान करत नाही आणि इथे औषधाची चिठ्ठीही लिहिणार नाही. पण ताईंनी इतकं नीट बघून लिहिलंय की त्यावर बोलता येतं.

केस ज्या बारीक पिशवीतून उगवतो तिला सूज आली की अशा पुळ्या होतात. वैद्यकीय नाव फॉलिक्युलायटिस. हा एक आजार नाही. एकाच ठिकाणी दिसणाऱ्या चार-पाच वेगळ्या भानगडी आहेत आणि प्रत्येकीचं औषध वेगळं आहे. त्यामुळे "अशाच पुळ्या मला होत्या, मी हे लावलं" या सल्ल्याने फायद्यापेक्षा घोटाळाच जास्त होतो.

सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जीवाणू. साधारण 30 टक्के निरोगी माणसांच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. त्वचा खरचटली, रेझर फिरला, घासली गेली की केसाच्या मुळात शिरतो. त्याच्या पुळ्या लहान-मोठ्या असतात, पिवळसर पू असतो, हात लावला की दुखतात. खोल गेला की केसतूड. मांडीवर फोड असलेल्या पोराचं वर्णन या बाजूला झुकतं.

भावाचं वर्णन मात्र वेगळ्या बाजूला जातं. सगळ्या पुळ्या एका मापाच्या. दुखण्यापेक्षा खाज जास्त. जागा पाठ, खांदे, छाती. चेहरा मोकळा. घाम, तेल आणि दमट हवेत वाढ. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अँटिबायोटिकनंतर वाढलं. एवढ्या गोष्टी जुळल्या की मॅलासेझिया या यीस्टचा संशय घ्यायचा. ही बुरशी तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या त्वचेवर असते, तेलकट जागी जास्त. त्वचेतल्या तेलावरच ती जगते. डोक्यातल्या कोंड्यातही हिचाच हात असतो. अँटिबायोटिकने जीवाणू मरतात, बुरशीला काही होत नाही, उलट तिला जागा मोकळी होते. तरुण मुलांमध्ये हे तारुण्यपीटिका समजून महिनोन्‌महिने पुढे ढकललं जातं. पीटिकांमध्ये केसाचं तोंड बुजून झालेले काळे-पांढरे ठिपके असतात, इथे ते नसतात, आणि पीटिका अशा खाजत नाहीत.

खात्री करायला फार काही लागत नाही. पुळीचं टोक ब्लेडने हलकं खरवडून काचेवर घ्यायचं, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. गोलसर यीस्ट घोळक्याने दिसतं. त्याच भेटीत कळून जातं. सांगली-मिरजेच्या सरकारी रुग्णालयातही त्वचा विभाग आहे, तिथे जा. तोवर पाठीला तेल पूर्ण बंद, आणि ते मलमही बंद. त्या मलमाच्या ट्यूबवर काय लिहिलंय ते इथे टाका.

@हळदबाजार दादा, हळदीत सूज कमी करणारे गुण आहेत, ते मी नाकारत नाही. पण तेलात कालवून पाठीवर रात्रभर ठेवली तर केसांची तोंडं बुजतात आणि जी बुरशी तेलावर जगते तिला तेलच मिळतं. काहींना हळदीची ॲलर्जीही येते. कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर हरकत नाही. लिंबू, चुना, टूथपेस्ट यातलं काही मात्र पुळीवर लावू देऊ नका. त्वचा भाजते आणि डाग वर्षभर राहतो.

कृष्णाकाठची

ट्यूब शोधली. बारीक अक्षरात चार नावं आहेत: क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल आणि आणखी एक, ते पुसलं गेलंय.

काउंटरमागून

मी फार्मासिस्ट. क्लोबेटासोल हे लावायच्या स्टेरॉईडमधलं सगळ्यात तीव्र गटातलं आहे. ते, एक अँटिबायोटिक आणि एक बुरशीचं औषध एकाच ट्यूबमध्ये. म्हणजे नेम धरायचाच नाही, तिन्ही दिशांना गोळ्या झाडायच्या. लाली आणि खाज स्टेरॉईडमुळे थांबते, म्हणून माणसाला वाटतं औषध लागू पडलं. आत बुरशी सुखाने वाढत असते.

2018 साली केंद्र सरकारने नियम बदलून लावायच्या स्टेरॉईड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची असलेली सूट काढली. तरी काउंटरवर रोज कुणीतरी येऊन "खाजेचं मलम द्या" म्हणतंच. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक चिडून शेजारच्या दुकानात जातं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण तोच माणूस दोन महिन्यांनी जांघेत पांढरे-लाल ताणाचे पट्टे घेऊन परत येतो, आणि ते पट्टे मग जात नाहीत.

ट्यूब उलटी करून वाचायची सवय लावा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव दिसलं तर ते स्टेरॉईड आहे. डॉक्टरांनी बघून, किती दिवस लावायचं ते सांगून दिलं असेल तरच लावायचं.

त्वचा_ओपीडी

@काउंटरमागून मनापासून आभार. हे एका फार्मासिस्टने लिहिलं याला वेगळी किंमत आहे. आणखी एक जोडतो. स्टेरॉईड लावून लावून त्यानेच अशा एकसारख्या पुळ्या उठतात. म्हणजे भावाच्या काही पुळ्या बुरशीच्या आणि काही मलमाने आणलेल्या असू शकतात. मलम थांबवल्यावर पहिला आठवडा खाज वाढेल. घाबरून पुन्हा लावू नका. कापसाचं थंड ओलं फडकं ठेवा आणि डॉक्टरांकडून खाजेची गोळी घ्या.

कुपवाड_लेथ

तालीम बाजूला ठेवून विचारतो. मी कुपवाड एमआयडीसीत लेथवर आहे. माझ्या दोन्ही हातांवर कोपरापासून मनगटापर्यंत आणि मांड्यांच्या पुढच्या बाजूला काळ्या ठिपक्यांच्या आणि लाल पुळ्या आहेत. शॉपमधल्या बऱ्याच जणांना आहेत. आम्ही याला "ऑइल लागलं" म्हणतो आणि सोडून देतो. सुट्टीवर गावी गेलो की निम्म्या जातात.

त्वचा_ओपीडी

@कुपवाड_लेथ सोडून देऊ नका, तुमचं निदान तुमच्या शेवटच्या वाक्यात आहे. सुट्टीत जातंय म्हणजे कामातून येतंय. पाण्यात न मिसळणारं कटिंग ऑइल केसांच्या तोंडाशी साचतं, तोंडं बुजतात, काळे ठिपके होतात, मग सूज येते. तेलाने भिजलेली पँट मांडीला दिवसभर घासते म्हणून तिथे. पाण्यात मिसळून वापरायच्या कूलंटने शक्यतो वेगळा त्रास होतो, बोटांना भेगा पडून इसब येतो. तुमच्या मशीनवर यातलं कुठलं आहे ते बघा.

कामाच्या ठिकाणी जे बदलता येतं त्याने निम्मं काम होतं. तेल न झिरपणारा एप्रन. तेलकट पँट रोज बदलायची, घरी खुंटीला टांगून दुसऱ्या दिवशी तीच घालायची नाही. ज्या फडक्याने मशीन पुसता त्याने हात पुसायचे नाहीत, कारण त्यात लोखंडाचा बारीक कीस असतो आणि तो त्वचेला चिरे पाडतो. आणि हात धुवायला रॉकेल, डिझेल, थिनर अजिबात नको. शॉपमध्ये बऱ्याच जणांना आहे म्हणता, तर सुपरवायझरकडे सगळ्यांनी मिळून जा. एकट्याने गेलं की "तुझी स्किन खराब" असं उत्तर मिळतं.

कुपवाड_लेथ

आमच्याकडे "नीट ऑइल" म्हणतात ते, पाण्यात न मिसळणारंच आहे. आणि हो, हात डिझेलनेच धुतो सगळे. बंद करतो.

तासगाव_गोठा

डॉक्टरसाहेब, माझ्या हनुवटीखाली दाढीत एक गाठीसारखा फुगवटा आलाय, वर पुळ्या, पू येतो. तिथले केस ओढले की न दुखता हातात येतात. दाढी करणं थांबवलंय. केसतूड म्हणून पोटीस बांधलं, अँटिबायोटिक खाल्लं, काही फरक नाही. गोठ्यात दोन कालवडींच्या डोळ्याभोवती आणि मानेवर राखाडी खपल्यांचे गोल चट्टे आहेत. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

त्वचा_ओपीडी

@तासगाव_गोठा आहे, आणि कालवडींचं तुम्ही लिहिलंत हे फार बरं केलंत. गुरांच्या नायट्याची बुरशी माणसाच्या दाढीत, डोक्यात शिरते तेव्हा सूज साध्या नायट्यापेक्षा खूप जास्त येते. मऊ फुगवटा, पू, आणि केस सहज निघणे ही तिची खूण. जीवाणूच्या केसतुडात केस ओढला तर जीव जातो. इथे मलम पुरत नाही, बुरशी केसाच्या आत असते, तोंडाने गोळ्या घ्याव्याच लागतात आणि त्या काही आठवडे चालतात. उशीर केला तर त्या जागी कायमचा व्रण राहून दाढी येत नाही. या आठवड्यातच दाखवा, आणि केस तपासायला द्या. चिरा देऊन पू काढायला कुणी निघालं तर आधी ही तपासणी करून घ्या म्हणून सांगा.

कालवडी पशुवैद्यकाला दाखवा, त्यांच्यावर उपचार झाले नाहीत तर तुम्हाला पुन्हा होईल. तोवर त्यांना हात लावताना हातमोजे, आणि घरातल्या लहान मुलांना त्यांच्या गळ्यात पडू देऊ नका.

विश्रामबाग_सून

सासूबाईंना शुगर आहे. वर्षभरात काखेत, पाठीवर, मानेवर केसतूड येतंय, एक बरं झालं की दुसरं. आता मानेवर मागे मोठं झालंय, दोन-तीन तोंडं दिसतायत, कालपासून कणकण आहे. त्या म्हणतात पिकू दे, आपोआप फुटेल.

त्वचा_ओपीडी

@विश्रामबाग_सून ताई, हा प्रतिसाद वाचल्या वाचल्या त्यांना दवाखान्यात न्या. आज. मधुमेह, मानेवर अनेक तोंडांचं गळू आणि ताप, हे तिन्ही एकत्र असताना वाट बघायची नसते. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांकडून निचरा करून घ्यावा लागेल. पू तपासायला द्यायला सांगा म्हणजे कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते दोन-तीन दिवसांत कळतं. घरी दाबू नका.

हे निस्तरलं की पुढचं बोलू: तीन महिन्यांची सरासरी साखर, आणि वारंवार येतंय म्हणून नाकातला जीवाणू.

गणेशदुर्ग

मानेच्या मागे, केस संपतात तिथे कडक बारीक गाठी आहेत. दर पंधरवड्याला मशीनने झिरो मारतो. सलूनवाला म्हणतो उष्णतेने.

त्वचा_ओपीडी

@गणेशदुर्ग झिरो मारणं थांबवा, केस थोडे लांब ठेवा, कडक कॉलरही टाळा. कापलेला केस वळून परत कातडीत घुसतो आणि शरीर त्याला परकं समजून गाठ धरतं. जुनं झालं की तिथे जाड व्रणाचा पट्टा होतो आणि मग औषधालाही दाद देत नाही, म्हणून आत्ताच दाखवा. दाढीचंही तेच. उलट्या दिशेने, कातडी ताणून, अगदी गुळगुळीत करायची नाही. आधी कोमट पाणी, मग केसांच्या दिशेने. खुंट मिलिमीटरभर राहिले तर चालतील. सलूनमध्ये पातं समोर नवीन लावून घ्या. पात्यावरून नुसत्या पुळ्याच नाहीत, कावीळ ब आणि क सुद्धा पसरते.

पालवी

मुलींचंही बोला ना कुणीतरी. वॅक्सिंगनंतर पायांवर दरवेळी दोन दिवस लाल पुळ्या येतात, मग आपोआप जातात. काळजीचं आहे का?

त्वचा_ओपीडी

@पालवी आपोआप जातात तर नाही. वॅक्सिंगनंतर दोन दिवस घट्ट लेगिंग नको, थंड शेक पुरतो. पण पायावर एखादा चट्टा राहिला, त्यात गाठी आल्या आणि तिथे कुणी खाजेचं मलम लावत असेल तर दाखवा. नायटा असलेल्या पायावर रेझर फिरवला आणि वरून स्टेरॉईड लावलं की बुरशी केसाच्या मुळात खोल उतरते.

वाईकर

महाबळेश्वरच्या एका रिसॉर्टला गरम पाण्याच्या टबात बसलो होतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चड्डीखाली कमरेला आणि मांड्यांना पुरळ. सोबतच्या दोघांनाही.

त्वचा_ओपीडी

@वाईकर पाण्यात क्लोरीन कमी पडलं की स्युडोमोनस हा जीवाणू वाढतो, गरम टबात जास्तच. एक-दोन दिवसांत पुरळ येतं, ओल्या कपड्याखाली जास्त येतं, एकत्र बसलेल्या बऱ्याच जणांना येतं. निरोगी माणसात आठ-दहा दिवसांत बहुधा औषधाशिवाय जातं. ताप आला तर डॉक्टर. रिसॉर्टला कळवा, त्यांना टब रिकामा करून साफ करावा लागेल.

लालमाती

मी एका तालमीत पोरं शिकवतो. धागा काल रात्री पूर्ण वाचला. एक गोष्ट मनाला लागते ती बोलतो. पोराच्या अंगावर काही उठलं की शिकलेली माणसं पहिलं बोट मातीकडे दाखवतात. आम्ही मातीत ताक घालतो, लिंबू, हळद, काव, कापूर, तेल घालतो. रोज खणतो, पाणी मारतो. मारुती मान्यांसारखे हिंदकेसरी या जिल्ह्याच्या मातीतून उठले. आणि आता पालक म्हणतात मॅटवरच पाठवतो, मातीत रोग आहे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगावं. मातीमुळे होतंय का?

त्वचा_ओपीडी

@लालमाती वस्ताद, स्पष्ट सांगतो. पैलवानांमध्ये त्वचेचे संसर्ग जास्त दिसतात ते जगभर, आणि मॅटवरही दिसतात. मॅटवरच्या पोरांमध्ये नायट्याची आणि नागिणीच्या जातीच्या विषाणूची साथ येते, त्याला पैलवानांच्या नावाने ओळखलेलेच आजार आहेत. पसरतं ते अंगाला अंग घासून, आणि एकमेकांचे टॉवेल, लंगोट, गुडघ्याच्या पट्ट्या वापरून. मातीने खरचटतं, तिथून जीवाणूला वाट मिळते, एवढा मातीचा भाग आहे. त्याला उपाय लढतीनंतर लगेच साबणाने आंघोळ. घामेजल्या, मातीने माखलेल्या अंगाने तासभर गप्पा मारत बसायचं नाही.

आता जे मला या धाग्यात सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. तुम्ही लोक हौद्याबाहेर चुकीचं पोर ठेवताय. ताईंच्या भावाला जर मॅलासेझिया असेल, तर ती बुरशी सगळ्यांच्याच अंगावर आधीपासून आहे. त्याच्याकडून दुसऱ्याला लागण्याचा प्रश्न नाही. तो खेळू शकतो. ज्याच्या मांडीवर पू भरलेले फोड आहेत आणि ज्याच्या मानेवर "काही होत नाही" म्हणणारा गोल चट्टा आहे, ते दोघं आखाड्याबाहेर हवेत.

अमेरिकेतल्या कॉलेज कुस्तीत यासाठी लेखी नियम आहेत. पू असलेल्या जीवाणूच्या फोडांसाठी: 72 तास अँटिबायोटिक झालेलं हवं, 48 तासांत नवा फोड आलेला नको, आणि एकही फोड ओला नको. नुसती पट्टी बांधून ओला फोड खेळवता येत नाही. अंगावरच्या नायट्यासाठी किमान 72 तास बुरशीचं औषध. डोक्यात नायटा असेल तर 14 दिवस गोळ्या. आणि चेहऱ्यावर, मानेवर पाणी भरलेल्या बारीक फोडांचा घोस आला, आधी आग होत असेल, तर त्या पोराला त्याच क्षणी बाहेर काढून डॉक्टरांकडे. तो विषाणू असतो आणि लढतीगणिक पसरतो. हे नियम आपल्या तालमींना कुणी लावलेले नाहीत, पण वस्ताद म्हणतील तो तालमीत नियमच असतो.

लालमाती

हे कळलं. आमच्याकडे उद्यापासून हौद्यात उतरण्याआधी उजेडात प्रत्येकाची पाठ, मान, मांड्या बघायच्या. पोरं लपवतात, कारण बाहेर बसवलं की खुराक फुकट गेला असं घरचे बोलतात. त्यांना शिक्षा म्हणून बाहेर बसवत नाही हे आधी सांगावं लागेल. बाहेर असलेल्यानं अंगलगट सोडून बाकी मेहनत करायची, जोर-बैठका, दोर, पळणं. लंगोट ज्याचा त्याचा, रोज धुवून उन्हात. टॉवेलचंही तेच. पावसात वाळत नाहीत तर दोन-दोन ठेवायचे.

तेल मालिश मात्र बंद होणार नाही, ती आमची रीत आहे.

त्वचा_ओपीडी

@लालमाती मालिश बंद करा म्हणत नाही. ज्याच्या पाठीवर पुळ्या आहेत त्याची पाठ आणि छाती तेवढी सोडा, हातापायाला चोळा. बाकीच्यांनी मालिशनंतर साबण लावून तेल काढायचं. मालिश करणाऱ्यानेही एकाला करून दुसऱ्याकडे जाताना हात धुवायचे.

विश्रामबाग_सून

सासूबाईंना त्याच दिवशी दाखल केलं. निचरा केला, साखर 380 होती. आता ताप नाही. डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांना टॉवेल वेगळे करायला सांगितलेत, आणि त्यांच्या नाकात लावायला म्युपिरोसिन हे अँटिबायोटिक मलम दिलंय. त्या स्वतः म्हणाल्या, त्या लोकांना कळव.

कृष्णाकाठची

जाऊन आलो. पुळी खरवडून काचेवर घेतली, थोड्या वेळात सांगितलं यीस्टच आहे. भावाला स्वतः सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं, त्यानंतर तेलाचा हट्ट त्याने स्वतःहून सोडला. तोंडाने घ्यायच्या बुरशीच्या कॅप्सूल दिल्यात, जेवल्यावर घ्यायच्या. आधी लिव्हरची तपासणी केली आणि दुसरी कुठली औषधं, जिमची पावडर, इंजेक्शन काही चालू आहे का ते खोदून खोदून विचारलं. शिवाय 2 टक्के कीटोकोनाझोलचा शाम्पू. तो डोक्याला न लावता पाठीला, छातीला लावून पाच मिनिटं ठेवायचा आणि धुवायचा. मलम थांबवल्यावर पहिले दिवस वाईट गेले, तुम्ही म्हणालात तसंच. आता खाज जवळजवळ गेलीय, नवीन पुळी नाही.

वस्तादांना हा धागा वाचून दाखवला. भाऊ हौद्यात परतलाय. मांडीवर फोड असलेला आणि चट्ट्यावाला, दोघंही औषधावर आहेत, बाहेर पळतायत.

दोन शंका. पुळ्यांच्या जागी तपकिरी डाग राहिलेत, त्याला काही लावायचं का? आणि पुढच्या पावसाळ्यात पुन्हा होईल का?

त्वचा_ओपीडी

डागांना काहीही लावू नका, विशेषतः उजळवणारी क्रीम नकोत, त्यातल्या काहींत पुन्हा स्टेरॉईडच असतं. डाग काही महिन्यांत फिके होतात.

पुन्हा होण्याची शक्यता बरीच आहे, कारण बुरशी त्वचेवर राहणारच आहे. औषध पूर्ण झाल्यावर तोच शाम्पू आठवड्यातून एकदा पाठीला चालू ठेवा, किती महिने ते तुमचे डॉक्टर ठरवतील. मेहनतीनंतर ओला बनियन लगेच काढायचा, सुती घालायचा. कधी अन्य कारणासाठी अँटिबायोटिक लागलं तर त्या डॉक्टरांना हा इतिहास सांगायचा. आणि पुन्हा पुळ्या आल्या, पण या वेळी लहान-मोठ्या, दुखऱ्या, पिवळ्या पुवाच्या असल्या, तर उरलेल्या कॅप्सूल स्वतःहून घेऊ नका, परत तपासून घ्या.

तासगाव_गोठा

माझाही रिपोर्ट आला, बुरशीच. गोळ्या सुरू झाल्यात. पशुवैद्यक येऊन कालवडी बघून गेले, आणखी एका वासराच्या कानामागे सापडलं. गोठ्याच्या लाकडी खुंट्या आणि दावी पण धुवायला सांगितलीत, तिथेही बुरशी टिकते म्हणे. कुणाच्या गोठ्यात असे चट्टे असतील तर बघून घ्या.